माशीचे सगेसोयरे

चैत्राचे दिवस असतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पहाटेपासून मोहाची फुले टपटप गळू लागतात. उजाडण्यापूर्वीच आयाबाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. वेचलेली फुले अंगणात वाळत घातली, की त्यांच्या गोड, उग्र वासाने पाहुणे गोळा होतात. घरमाशी येते, मधमाशी येते. जवळच्या झुडपाच्या फुलापाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक जीव हवेत एकाच जागी तरंगत असतो. सायंकाळ झाली, की ओसरीच्या कोपऱ्यातून डास गुणगुणत बाहेर पडतो.

या चौघांत सगे कोण आणि परके कोण? नावावरून पाहावे, तर घरमाशी आणि मधमाशी सख्ख्या बहिणी वाटतात. रंगावरून पाहावे, तर तो पट्टेवाला जीव मधमाशीचा भाऊ ठरतो. त्याला पाहताच मुले हात मागे घेतात. काटकुळ्या पायांचा डास तर कोणाशीच जुळत नाही. परंतु नाव आणि रंग, दोन्ही येथे फसवतात.

पंख मोजले, म्हणजे खरे नाते उलगडू लागते. मधमाशीला चार पंख असतात. मागचे दोन बारीक आकड्यांनी पुढच्यांत अडकलेले असल्यामुळे ते चटकन दिसत नाहीत, इतकेच. घरमाशीला मात्र दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी तिला दोन इवल्याशा दांड्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला टाचणीसारखी गाठ असते. उडताना या दांड्या वेगाने थरथरतात आणि अंग कोणत्या बाजूला वळले, याची वर्दी माशीला देतात. त्या पूर्वीचे पंखच होत. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी जनुकांत बदल झालेल्या अशा फळमाश्या वाढवल्या, की ज्यांना दांड्यांच्या जागी पुन्हा पंखच फुटले होते!

आता नवल असे, की अगदी तशाच दांड्या डासालाही असतात, आणि त्या पट्टेवाल्या जीवालाही असतात. म्हणजे हे तिघे एका कुळातले. पट्टेवाला ही नांगी नसलेली गरीब माशीच आहे; पक्ष्यांनी भिऊन दूर राहावे, म्हणून जणू तिने मधमाशीचा वेष घेतला आहे. मधमाशीचे सोयरे वेगळे. ते म्हणजे गांधीलमाशी आणि मुंगी.

परंतु सहा पाय तर चौघांनाही असतात. मग पायांपेक्षा या दांड्यांनाच एवढा मान का? विली हेनिग या जर्मन शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. ते माश्यांचेच अभ्यासक होते. 1945 साली युद्धकैदी असताना त्यांनी आपल्या ग्रंथाचा पहिला मसुदा लिहिला. तो ग्रंथ 1950 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा विचार साधा आहे. गावात सर्वांनाच दोन डोळे असतात, म्हणून सारे एका घरचे होत नाहीत. मात्र एखाद्याच घराण्यात आजोबांपासून नातवापर्यंत हनुवटीवर खळी उतरली असेल, तर ती खळी घर सांगते. सहा पाय हा सर्व कीटकांचा जुना वारसा आहे. दांड्या ही एकाच कुळाची नवी खूण आहे.

याच रीतीने कुळाच्या शाखाही शोधता येतात. डासाच्या मिशा लांब आणि अनेक पेरांच्या असतात. घरमाशीच्या आणि पट्टेवाल्या माशीच्या मिशा आखूड असतात. कोशातून बाहेर पडताना घरमाशी कपाळावरची एक पिशवी फुगवून कोशाचे झाकण ढकलते. पुढे पिशवी आत जाते, परंतु मिशांच्या वर शिवणीसारखी रेघ राहते. हीच रेघ फळमाशीच्या कपाळावर आहे. पट्टेवालीच्या कपाळावर नाही. म्हणून घरमाशीला फळमाशी अधिक जवळची.

एवढ्या बारकाईने पाहून काय साधते? रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे बीज डासांत शोधण्यासाठी दोन वर्षे शेकडो डास चिरले. परंतु ते डास निराळ्या जातीचे होते. अखेर 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना ते बीज सापडले. तो अ‍ॅनोफिलीस डास होता. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंचे अवयव सोंडेइतकेच लांब असतात, ही त्याची एक खूण. इतर बहुतेक डासांच्या मादीत ते आखूड असतात.

महाराष्ट्रात हिवतापाने फार गांजलेल्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव येते. तेथे डासाची जात ओळखण्यासाठी भिंगाखाली हेच अवयव पाहावे लागतात. ज्या क्षुद्र जीवाला आपण हाताने झटकून टाकतो, त्याच्या केसाएवढ्या अवयवात कोट्यवधी वर्षांचे नाते लिहिलेले असते. आणि ते नीट वाचता आले, तर एखाद्या पाड्यावरील मुलाचा जीवही वाचू शकतो.