झवेरी बाजार : दागिना तराजूवर ठेवण्याआधी

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसमोरून शेख मेमन स्ट्रीटने आत शिरलं, की डाव्या-उजव्या हाताला आधी कापड लागतं आणि मग सोनं. मंगळदास मार्केटला लागूनच जामा मशीद आहे. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर, दगडी कमानींवर उभी आहे. आजही वजूसाठी पायऱ्या उतरून त्याच पाण्यापाशी जावं लागतं. कोकणी मुसलमानांचं या मशिदीशी नातं जुनं. इथून चार पावलांवर झवेरी बाजार सुरू होतो.

रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत लग्नाची खरेदी चालते. खरा बाजार मात्र मागच्या गल्ल्यांत आणि अरुंद जिन्यांच्या वर आहे. तिथे बंगालचे कारागीर मांडी घालून तार ओढत असतात. सांगलीकडच्या विटा-आटपाडी भागातले गलाईवाले मुशीत जुनं सोनं वितळवतात. झारेकरी तर गल्लीतली धूळसुद्धा झाडून नेतात आणि धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात. जिथे धुळीचीही किंमत होते, तिथे आपला दागिना न मोजता, न पाहता घेऊन जाणं बरं नव्हे.

या बाजारात सगळेच हौसेने येत नाहीत. कुणाच्या मुलाची कॉलेजची फी असते, कुणाच्या अब्बांचं ऑपरेशन असतं. पिशवीत रुमालात बांधलेल्या नानीच्या पाटल्या असतात, मेहरमध्ये मिळालेला हार असतो. घाईत आणि शरमेने आलेला माणूस भाव विचारत नाही, मिळेल ते घेऊन निघतो. म्हणून तयारी घरीच करावी.

आधी दागिने वेगवेगळे करा. आतल्या बाजूला भिंगातून पाहा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की माहिती मिळते. नानीच्या दागिन्यावर शिक्का नसेल, तर तो खोटाच असं नाही. हॉलमार्किंग केंद्रात फी भरून त्याची तपासणी करून घेता येते.

धुवायचं तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. मोती, पाचू किंवा लाख भरलेला दागिना पाण्यात बुडवू नका. विकण्यासाठी पॉलिश करून घेऊ नका. त्यात सोनं झिजतं आणि चकाकीचे पैसे कुणी देत नाही. काळ्या पोतीचे मणी, खडे, लाख, दोरा यांचं वजन सोन्यात धरत नाहीत. म्हणून एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहा. जुन्या पावत्या, ओळखपत्र, पॅन कार्ड सोबत ठेवा. प्रत्येक नगाचा फोटो काढा.

दुकानात आधी कसोटीवर घासून किंवा यंत्रावर टंच काढतात. यंत्र मुख्यतः वरचा थर वाचतं, म्हणून मुलामा किंवा डागाची जागा असेल तर आकडा बदलतो. दोन-तीन ठिकाणी तपासायला सांगा. टंच किती महत्त्वाचा, ते पाहा. हिशेबापुरता शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. २० ग्रॅमची पाटली ९१६ ची निघाली, तर शुद्ध सोनं १८.३२ ग्रॅम, किंमत १,८३,२०० रुपये. तीच ८८ टक्के निघाली, तर १,७६,०००. फरक ७,२०० रुपयांचा. घट किती धरणार, हे वितळवण्याआधीच विचारा. एकदा मुशीत गेलेली पाटली परत येत नाही. तोळा म्हणजे दहा ग्रॅम की ११.६६, हेही स्पष्ट करून घ्या.

तीन दुकानांत विचारा. “आपा, आताच ठरवा, उद्या भाव पडेल,” असं कुणी म्हणालं, तर सलाम करून जिना उतरा.

विकायचं नसेल तर गहाण हा मार्ग आहे. तिथेही निव्वळ सोन्याचीच किंमत होते. तपासणी आपल्यासमोर व्हावी. पावतीवर प्रत्येक नगाचं वर्णन, वजन, शुद्धता आणि मुदत लिहून घ्यावी. रहन ठेवणं आपल्याकडे जायज आहे, कुरआनातही त्याचा उल्लेख आहे. अडचण व्याजाची असते. काही शहरांत दागिना तारण घेऊन बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. आपल्या जमातीत आधी चौकशी करावी.

आणि एक गोष्ट बाजारात कुणी विचारत नाही, ती घरात विचारायला हवी. मेहरचा दागिना बीवीच्या मालकीचा असतो. तिची खुशीने रजामंदी नसेल, तर तो रुमालात बांधूच नये. तिने दिला, तर ते कर्ज आहे की भेट, हे त्याच दिवशी दोघांनी मिळून लिहून ठेवावं. सोनं तोलायला तराजू मिळतो, पण हा हिशेब घरातच नीट राखावा लागतो.