जुन्या फ्रीजमधला धूर

न्यूझीलंडच्या किनाऱ्याकडे गेलात, तर एखाद्या घराच्या परसात जुन्या फ्रीजमधून धूर निघताना पाहून चकित व्हाल! आत जाळीवर मीठ लावलेली मासळी असते आणि तळाशी मानुका झाडाचा भुसा मंद धुमसत असतो. जाड भिंतींमुळे ऊब आतच राहते. मात्र त्यासाठी आतून पत्र्याचाच फ्रीज हवा. प्लॅस्टिक वितळून विषारी वाफ सुटते. गॅसही कारागिराकडून आधीच काढून घ्यावा लागतो. आणि सर्वांत आधी दाराचा खटका! खटक्याच्या जुन्या फ्रीजमध्ये लपलेली मुले कोंडून गुदमरली, म्हणूनच अमेरिकेने १९५६ साली दार आतूनही उघडले पाहिजे असा कायदा केला. तुमच्या परसात असा फ्रीज पडून असेल, तर आजच त्याचे दार काढून ठेवा. लपाछपी खेळणाऱ्या पोरांना काय ठाऊक?