पाठकोरी

मागल्या महिन्यात आतेभावाने घरच्या जुन्या मोडी कागदांची पीडीएफ पाठवली. मोबाइलवरच्या ॲपने केलेली. पांढरीशुभ्र पानं, काळी कुळकुळीत अक्षरं. खाली एक ओळ : ‘मूळ कागद रद्दीत दिले, कसर फार लागली होती.’

त्या पांढऱ्या रंगाचा मला राग आहे. आमचे कागद पांढरे नव्हतेच. शिळ्या ताकाच्या रंगाचे होते. एका खतावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. ॲप प्रत्येक ठिपक्याचा काळा की पांढरा एवढाच निवाडा करतं. डाग, शिक्क्याची पुसट कड, सगळं पांढऱ्यात जमा.

आजोबा मोडी वाचताना पान कधी सरळ धरत नसत. खिडकीकडे तिरपं करत. आडव्या उजेडात बोरूचा ओरखडा उठून दिसे. ‘थांब, दिसतंय,’ म्हणत आणि अडलेला शब्द सांगत. पुसट लेखनाचा फोटो घेताना जाणकार आजही दिवा पानाच्या बाजूला, अगदी खाली ठेवतात. मला आजोबांचं मनगट आठवतं.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा. छापून मजकूर हाती आला, तरी त्यांना अस्सल कागद हवेच होते. असे अस्सल कागद जपायला १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं.

फोटो घ्यायचाच तर कंजुषी कशाला? ३०० डीपीआयला ए-४ पान २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं, वाचायला पुरे. ६००ला ठिपके चौपट, आणि न दाबलेली रंगीत टिफ फाइल शंभर एमबीच्या घरात. होऊ दे. शाई कुठे दाटली, बोरू कुठे पुन्हा बुडवला, ते दिसतं. शेजारी रंगपट्टी ठेवली की पिवळेपणा ताडून पाहता येतो.

पीडीएफमध्ये एकाही पानाची पाठ नाही. आजीला स्वतःची वही कधी मिळाली नाही. पाठकोऱ्या कागदांवर ती पेन्सिलीने लिही : धुण्याचे कपडे, शेजारी उसने दिलेले तांदूळ, माहेरी जायची तिथी. पणजोबांचा जमिनीचा व्यवहार आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. आजीच्या हातचं अक्षर घरात कुठेच उरलेलं नाही.

तुमच्या माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल असेल तर पान उलटून पाहा. पाठ कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्या, रंगीत, चारी कडांसकट. आणि कागद पुन्हा रुमालात बांधून ठेवा.