अप्पर-डिप्पर

दिवे दोन प्रकारचे असतात. काही आपण दिसावे म्हणून लावायचे, तर काही आपल्याला दिसावे म्हणून. तुळशीपुढची पणती पहिल्या प्रकारची. तिच्या उजेडात कुणी सुईत दोरा ओवत नाही. घर जागे आहे, एवढेच तिने सांगायचे असते. गोठ्यात न्यायचा कंदील दुसऱ्या प्रकारचा. तो कुणी पाहावा म्हणून नसतो. पायाखाली काय आहे ते दाखवले की त्याचे काम संपले. मोटारीचा दिवा मात्र ह्या दोन्हींत बसत नाही. त्याला तिसरेही एक काम असते, आणि ते सर्वांत अवघड. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याने पडायचे नसते! हे तिसरे काम मी नीट शिकलो ते आमच्या दादाच्या जीपमुळे.

दादाची जीप १९७४ सालची. सावंतवाडीहून आंबोलीकडे जाणारा रस्ता जिथे घाट चढायला लागतो, त्याच्या अलीकडे आमचे गाव. गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आली आणि मोठी सोय झाली. पण ती थांबते डांबरी रस्त्यावर. वाडीतून त्या रस्त्यापर्यंतचा दगडधोंड्यांचा उतार अजून जीपच उतरू जाणे. कुणाला पान लागले, म्हणजे साप चावला, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की माणसे आधी दादाचे दार ठोठावतात. आणि गंमत अशी की, हे सगळे रात्रीच व्हायचे असते.

त्या जीपचे दिवे गेली काही वर्षे झेंडूच्या रंगाचे झाले होते. म्हणजे लागत, पण पुढचा रस्ता दाखवण्याऐवजी 'आम्ही लागलो आहोत' एवढेच सांगत. मोटारीचे दिवे पणत्या झाले होते म्हणा ना! दादा अडुसष्ट वर्षांचा. तो स्टिअरिंगवर पुढे वाकून, डोळे बारीक करून गाडी हाकी आणि दिव्यांना शिव्या देई. वहिनी म्हणे, दिव्यांना काही झालेले नाही, तुमचे डोळे गेले आहेत. ह्यावर दादा उत्तर देत नसे. खरे कोणाचे, हे ठरवायला काही साधनच नव्हते. अंधारात दिसले नाही, तर दोष दिव्याचा की डोळ्याचा, हे अंधार थोडाच सांगणार?

शेवटी पुतण्याने मुंबईहून येताना निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी बल्ब आणले आणि आम्ही तिघे जीप घेऊन मेस्त्रीकडे गेलो. मेस्त्री साठीचा, अबोल. त्याने बल्बांचा खोका हातात घेतला, उघडला नाही, बाजूला ठेवला.

"बल्ब बदलून काय होवचा नाय," तो म्हणाला. "आधी करंट खंय जाता, ता बघूया."

त्याने इंजिन चालू ठेवले, दिवे लावले आणि मीटरच्या दोन तारा आधी बॅटरीला, मग दिव्याच्या होल्डरला लावल्या. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट भरले आणि दिव्यापाशी साडेदहा. मधले तीन व्होल्ट कुठे गेले? ते गेले होते वाटेत. जुन्या जीपमध्ये दिव्यांची सगळी वीज बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या खटक्यापर्यंत येते, तिथून पायाजवळच्या डिपरच्या खटक्यात उतरते आणि मग परत पुढे दिव्यांकडे जाते. पन्नास वर्षांची बारीक तार, हिरवे पडलेले सांधे, गंज चढलेला अर्थ. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा जकातनाका! बल्बचा स्वभावही असा हट्टी की, व्होल्टेज एक दशांशाने उतरले तर उजेड एक दशांशाने उतरत नाही, तीन दशांशाने उतरतो. तीन व्होल्ट गेले म्हणजे निम्म्याहून अधिक उजेड गेला. दिवे बिचारे निर्दोष होते. त्यांना पोटभर मिळतच नव्हते.

ह्यावरचा उपाय काडेपेटीपेक्षाही लहान असतो. त्याला रिले म्हणतात. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीची जाड तार यायची, ८७ वरून दिव्याकडे जायची. ८५ आणि ८६ च्या मध्ये एक वेटोळे असते, त्याला जुन्या खटक्याची तार जोडायची. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर. एवढे ओझे आतापर्यंत तो म्हातारा खटका स्वतःच्या अंगावरून वाहून नेत होता. आता त्याने वेटोळ्यापुरती, अँपिअरच्या दशांशांत मोजावी इतकी वीज सोडायची, म्हणजे नुसता शब्द टाकायचा. लोहचुंबक होऊन वेटोळे आतली पट्टी ओढते आणि खरा भार जाड तारेतून थेट दिव्याकडे जातो. मेस्त्रीने अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले बसवले, बॅटरीजवळ फ्यूज घातला, आणि चेसिसचा रंग खरवडून अर्थची तार चकचकीत लोखंडाला आवळली.

मग दिव्यांची पाळी आली. जीपचा दिवा सात इंची, गोल. अमेरिकेत १९४० पासून १९५७ पर्यंत मोटारींना ह्याच मापाचे सीलबंद दिवे बसवावे लागत; काच, आरसा आणि तार एकाच भांड्यात बंद. तार जळली की सगळे भांडेच फेकून द्यायचे. पण त्या जुन्या सक्तीचा एक फायदा असा की, सात इंची गोल दिवा अजून सर्वत्र मिळतो आणि पन्नास वर्षांच्या जीपच्या खोबणीत नवा डोम मुकाट्याने बसतो. जीपला दिव्यांची हौस पहिल्यापासूनच. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे दिवे बिजागरीवर असत. रात्री इंजिन बिघडले की दिवा उलटा वळवायचा, म्हणजे तो बॉनेटखाली उजेड पाडी.

मेस्त्रीने नव्या डोममध्ये साधे हॅलोजनचे बल्ब घातले. ह्या जातीचा बल्ब १९७१ साली आला आणि अजून टिकून आहे. त्यात दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पळीएवढा, नखाच्या आकाराचा पत्रा असतो. त्यामुळे त्या तारेचा उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून परतून खाली, रस्त्यावर येतो. मेस्त्रीने तो पत्रा नखाने दाखवला आणि पुतण्याला समजावले की, सारा शहाणपणा एवढ्याशा पत्र्यात आहे. डोमचा आरसा आखलेला असतो तो ह्या तारेच्या नेमक्या जागेसाठी. त्यात दुसऱ्या घडणीचा बल्ब खुपसला, तर प्रकाश वाढलेला दिसतो, पण सांडतो. आणि सांडतो तो समोरच्याच्या डोळ्यांत. मुंबईचा खोका तसाच बंद परत गेला.

दिवे जुळवायला मात्र भिंत लागते. संध्याकाळी जीप माझ्या शाळेच्या मागच्या भिंतीसमोर, सपाट जागी, दहा मीटरांवर उभी केली. खडू माझ्या खिशात होताच. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर एक रेघ ओढली आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरांवर दुसरी. डिप्परच्या उजेडाची वरची कड ह्या खालच्या रेघेवर यायला हवी, म्हणजे तो शंभराला एक ह्या उताराने रस्त्यावर टेकतो. वाडीतली पोरे जमली. सिनेमा सुरू व्हायचा असावा तशी शांतता झाली. मेस्त्रीने स्क्रू फिरवला, कड खाली आली, रेघेवर बसली, आणि भिंतीवर एक विलक्षण आकृती दिसली. उजवीकडे सपाट रेघ, डावीकडे वर चढत गेलेला उजेड. आपण डावीकडून चालणारे लोक. म्हणून डावी कडा, दगड, गटार, पायी चालणारा माणूस दिसावा इतका उजेड वर आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र अंधारात सुरक्षित. उजवीकडून चालणाऱ्या देशातला डोम आणला, तर हीच आकृती उलटी पडते. आपल्याकडच्या १९८९ च्या मोटार नियमांतही समोरच्या डोळ्याची जागा मोजून दिली आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंच. कुणा अनोळखी माणसाच्या डोळ्याला कायद्याने इतकी नेमकी जागा दिलेली पाहून मला फार बरे वाटले.

त्याच रात्री दादाने मला शेजारी बसवून घाटात गाडी घातली. रस्ता कसा उमलून आला! कठड्याचे चुन्याचे दगड एकामागून एक उभे राहिले. कारवीच्या झुडपांची पाने वेगवेगळी दिसली. "बघ," दादा म्हणाला, "माका सगळा दिसता. तुझी वहिनी उगाच बोलता." त्याचा आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता.

तिसऱ्या वळणावर वरून एक ट्रक आला. त्याने डिपर मारला, दादानेही पायाने खटका दाबला. सगळे रीतसर झाले. तरीही जीप मंदावली, रेंगाळली आणि रस्त्याच्या मध्यावरच थांबली. ट्रक हातभर अंतरावरून गेला.

"दादा, थांबलंस कित्याक?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "समोरसून गाडी इली की माका काय्येक दिसना नाय रे. नुसता पांढरा."

इतके दिवस दिवे मंद होते, तोवर त्याला आडोसा होता. आता दिवे साक्षीच्या पिंजऱ्यातून निर्दोष सुटले होते आणि पिंजऱ्यात उरले होते फक्त डोळे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोचतो, हे मी वाचले होते. त्यात मोतीबिंदू असला, म्हणजे डोळ्यातले भिंगच धुक्यासारखे होते. समोरचा प्रखर प्रकाश त्यात विखुरतो आणि सगळे पांढरे करून टाकतो. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात अप्पर लावला, की आपलाच उजेड भिंत होऊन अंगावर येतो, तसेच काहीसे. त्या धुक्यात दादा न चुकता डिप्पर लावी. हे धुके मात्र काचेच्या आतले होते.

उतरताना गाडी मी चालवली. दादाने किल्ली मागितल्याशिवाय दिली, हे मला फार लागले.

घरी त्याने सगळे स्वतःच सांगितले. वहिनी जिंकली होती, पण जिंकल्यासारखी बोलली नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गाडयेक रिले बसयलास, आता तुमीय एक बसवन घेवा. बोलावणा इला की तुमी फक्त सांगा. गाडी झिलगो काढीत." दादा हसला. झिलगो म्हणजे माझा पुतण्या; तो आता गावातच आंब्याची कलमे बघतो. ह्या पावसाळ्यात दार ठोठावले की दादा उठे, कोण आहे, कुठली वाडी, ओढ्याला पाणी किती, ते विचारी, वाट सांगे आणि शेजारच्या सीटवर बसे. रात्री गाडी पुतण्या चालवी. दोन माणसे रस्त्यापर्यंत वेळेवर पोचली. त्यांतली एक आता मुलगी घेऊन माहेरी आली आहे.

दादाच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झाले, डावा दिवाळीनंतर. पट्टी सुटली त्या दिवशी त्याने आकाशकंदिलाकडे पाहिले नाही. अंगणात जाऊन जीपची काच फडक्याने पुसली आणि म्हणाला, केवढी मळलेली ठेवता रे!

घाटातून रात्री जाणाऱ्यांची एक रीत मला आता फार मोलाची वाटते. वळणापलीकडे कुणीतरी येत आहे हे झाडांवरच्या उजेडावरून कळते, आणि तो दिसायच्या आधीच आपला पाय खटक्यावर जातो. त्याचाही जातो. क्षणभर दोघांचाही उजेड खाली वाकतो. तो कोण, कुठला, आपल्याला कधी कळत नाही. आपली लाल बत्ती त्याच्या आरशात, त्याची आपल्या आरशात, आणि मग पुन्हा आपापला अप्पर लावून दोघे आपापल्या अंधारात शिरतात.