जराशास्त्र निवडू पाहणाऱ्या भाचीस पत्र

पुणे



समाजकार्याची पदवी हाती आल्यावर पुढे जराशास्त्र शिकावे की नाही, या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. कारण शरीरशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थकारण आणि कायदा असे एरवी वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जाणारे विषय इथे एकाच म्हाताऱ्या माणसाच्या निमित्ताने एकत्र येतात. वार्धक्याच्या प्रक्रियेचा असा सर्व बाजूंनी केलेला अभ्यास म्हणजे जराशास्त्र. वृद्धांच्या आजारांचे निदान आणि उपचार करणारे जरावैद्यक हे त्याहून वेगळे असून ती वैद्यकाची शाखा असल्यामुळे केवळ डॉक्टरांनाच खुली असते. पहिल्या शास्त्राला 1903 मध्ये आधुनिक नाव दिले ते एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने (आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे त्याचे प्रतिपादन होते, त्यामुळे ताकाशिवाय जेवण पुरे न होणाऱ्या घरांत तरी त्याचे नाव माहीत असायला हरकत नाही), आणि दुसऱ्याला 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या इग्नाझ नॅशर या डॉक्टराने. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरेला स्वतंत्र स्थान असूनही भारतात आधुनिक जरावैद्यकाचा पहिला विभाग मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये सुरू केला, आणि त्या विषयातील एम.डी.चे शिक्षण तिथल्याच मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू व्हायला 1996 साल उजाडले.

या शास्त्राचा खरा गाभा वयात नाही आणि रोगातही नाही; तो माणसाला रोजचे काय करता येते आणि काय करता येत नाही, यात आहे. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे 1935 मध्ये शेजारचे गरिबांसाठीचे जुने रुग्णालय सोपवण्यात आले, तेव्हा असाध्य ठरवून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या 700 हून अधिक रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येकाला नव्याने तपासले, कोणाला कशामुळे उठता येत नाही याची वर्गवारी केली, वॉर्डातला उजेड आणि पलंगांची उंचीसुद्धा बदलली, व्यायाम सुरू केले, आणि ज्यांना मरेपर्यंत तिथेच राहायचे आहे असे गृहीत धरले होते त्यांतील अनेकांना चालते करून घरी पाठवले. ते रुग्ण वयामुळे खिळलेले नव्हते, तर खिळवून ठेवल्यामुळे म्हातारे दिसत होते, हे त्यातून सिद्ध झाले. ब्रिटिश जरावैद्यकाचा पाया इथेच घातला गेला असे मानले जाते आणि ते योग्यच आहे.

वॉरेन यांनी अनुभवाने जे ओळखले, ते मोजण्याची पट्टी अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केली. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून खुर्चीवर येणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रियांपैकी किती क्रिया दुसऱ्याच्या मदतीविना जमतात, एवढेच ती पट्टी पाहते, आणि या क्षमता बहुधा आंघोळीपासून सुरुवात होऊन सर्वात शेवटी जेवण अशा क्रमाने हरपतात, असे तिच्यामागील निरीक्षण आहे. 1969 मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी तिला बाजारहाट, स्वयंपाक, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार, फोन वापरणे अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची जोड दिली. मात्र त्यांच्या या मूळ पट्टीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांविषयी प्रश्न विचारले जात नसत. ज्या गृहस्थाने जन्मात चहा टाकला नाही त्याला तो आता टाकता येत नाही, ही क्षमता गमावल्याची खूण नव्हेच, आणि म्हणून पट्टी वापरणाऱ्याला समोरच्या माणसाचे पूर्वायुष्य ठाऊक असणे अपरिहार्य ठरते.

परदेशी पट्ट्या जशाच्या तशा मराठी घरात लावल्या, की चुका होतात. बादलीतून तांब्याने पाणी घेऊन आंघोळ करणे, उकिडवे बसून शौच करणे, मांडी घालून जेवणे आणि जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे यांना गुडघ्यांची वेगळीच ताकद लागते, आणि कमोडच्या घरात स्वावलंबी असलेली आजी गावाकडच्या घरात त्याच दिवशी परावलंबी ठरू शकते. बुद्धीच्या चाचण्यांचेही असेच आहे. 1975 ची प्रसिद्ध फोल्स्टीन चाचणी रुग्णाला एक वाक्य लिहायला सांगते, म्हणजे जिला कधी शाळा मिळाली नाही ती बाई विस्मृतीचा आजार नसतानाही नापास होते. त्यामुळे हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी त्या चाचणीचे हिंदी रूप नव्याने घडवावे लागले. तारीख विचारल्यावर गप्प राहणाऱ्या पण संकष्टी कोणत्या वारी येते ते अचूक सांगणाऱ्या म्हातारीची कालजाणीव शाबूत आहे, एवढे ओळखण्याइतका मराठी संस्कार तपासणाऱ्याकडे हवा.

वृद्ध माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो असे मानणारा 1961 चा अलिप्ततेचा सिद्धान्त आणि त्याला विरोध करणारा सक्रियतेचा सिद्धान्त, असे वाद अभ्यासक्रमात हमखास येतात. ते परीक्षेपुरते नीट वाचावेत, त्यांत फार काळ अडकू नये. त्याऐवजी आकड्यांकडे अधिक लक्ष द्यावे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या 2023 च्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात 60 वर्षांवरील लोक 10.5 टक्के होते आणि 2050 पर्यंत ते 20.8 टक्के होतील. देवनारच्या याच संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरील 72,000 हून अधिक व्यक्तींची पाहणी केली असून वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत जाण्याची तिची योजना आहे. अशा पाहणीला अनुदैर्घ्य अभ्यास म्हणतात, आणि माणूस कसा म्हातारा होत जातो हे एका वेळच्या मोजणीपेक्षा तिच्यातून अधिक खात्रीने कळते.

तथापि सर्वाधिक अभ्यासावाचून राहिलेला भाग म्हणजे घरातली शुश्रूषा. 2007 च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी न्यायाधिकरणे नेमली, पण निर्वाह म्हणजे पैसे, आणि रात्री दोनदा उठून कूस बदलण्याचे काम पैशांच्या हुकूमनाम्यात बसत नाही. कुशीवर न वळवलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर सततच्या दाबाने रक्तपुरवठा थांबून जखमा होतात, ज्यांना बेडसोअर म्हणतात. त्या टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि हे काम करते ती बहुधा सून, लेक किंवा स्वतः साठी ओलांडलेली पत्नी, जिला ते कोणी शिकवलेले नसते. शहरात ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशी हा दुसरा आधार. त्यांतील कित्येकींचे प्रशिक्षण आधीच्या रुग्णाच्या अंथरुणाशीच झालेले असते, आणि त्यांच्या कंबरदुखीची नोंद कोणतीही पट्टी घेत नाही. महाराष्ट्रातील श्रावणबाळ योजनेची दरमहा 1,500 रुपयांची मदत अशी मावशी आठवडाभर ठेवायलाही पुरत नाही, आणि केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा तर 60 ते 79 वयासाठी 200 रुपयेच आहे. ज्या विद्यापीठात वार्धक्याविषयी शिकवताना या बायकांचे काम अभ्यासाचा विषय ठरत नाही, तिथली पदवी अर्धीच समजावी.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्याच्या क्षेत्रकार्याकडे, म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष वृद्धांबरोबर घालवायच्या तासांकडे पाहावे. हे तास वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात गाणी म्हणण्यात संपत असतील, तर तो अभ्यासक्रम सोडून द्यावा. आंघोळ घालणे, उचलून खुर्चीत बसवणे, औषधांची यादी वाचून पाचापेक्षा अधिक गोळ्या एकत्र का धोकादायक ठरू शकतात हे कुटुंबाला समजावणे, आणि न्यायाधिकरणाचा अर्ज लिहून देणे यांपैकी निम्मे तरी जिथे करायला मिळते, तिथे प्रवेश घ्यावा, मग शुल्क थोडे अधिक असले तरी चालेल. ज्येष्ठ नागरिक संघांच्या साप्ताहिक सभांनाही जरूर बसावे, कारण धडधाकट म्हातारपण रुग्णालयात पाहायला मिळत नाही, आणि ते पाहिल्याशिवाय आजारी म्हातारपणाचे मोजमाप चुकते.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी निवडलेल्या संस्थांची क्षेत्रकार्याची वेळापत्रके मागवून घ्यावीत आणि त्यांच्या प्रती पुण्याला पाठवाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगावा.

मामाचे आशीर्वाद