ब्रेकमधली हवा

आमची जीप दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मळ्यातून आली. चालत नाही, टेम्पोत बसून. 1998 चा एप्रिल, माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. चिंचेखाली कित्येक पावसाळे उभी राहून तिचा तळाचा पत्रा सडला होता, मागच्या बाकड्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या आणि इंजिन पार जाम होतं. अण्णांनी उंच बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मालकाने सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. घासाघीस न करणारे अण्णा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

सातपूरला तेव्हा कुणाचे वडील महिंद्रात, कुणाचे मायकोत, कुणाचा काका ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात. अण्णा एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग त्यांनी लेथवर काढले. पूर्ण गाडी अशी त्यांच्या हातात कधी आलीच नव्हती.

ती सीजे-थ्रीबी होती. विलीज कंपनीने हे मॉडेल 1953 मध्ये अमेरिकेत काढलं. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती, आणि अमेरिकेत थ्रीबी 1968 मध्ये बंद झाली तरी आपल्याकडे ती त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिली. तिचं बॉनेट एवढं उंच का, हे अण्णांनी मला पहिल्याच रविवारी दाखवलं. तिच्या हरिकेन इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. "मग त्यांनी बॉनेट उचललं. इंजिन नाही कापलं," अण्णा म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या चांगल्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला होता.

चारही प्लग काढून आम्ही भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं. रोज शिफ्ट सुटली की ते पुढून हँडल घालून त्यावर अंगाचा भार टाकून बघायचे. मला हँडल धरायला शिकवलं तेव्हा आधी माझा अंगठा सोडवून बोटांच्याच बाजूला ठेवला. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढून धरलेला अंगठा मोडतो. नवव्या दिवशी हँडल बोटभर हललं. अण्णा काही बोलले नाहीत, पण आत जाऊन आईला बाहेर घेऊन आले आणि तिच्यासमोर पुन्हा तेवढंच हलवून दाखवलं.

ती सुट्टी आणि पुढच्या वर्षभराचे रविवार त्या जीपखाली गेले. मैत्रिणी कॉलेज रोडला फिरायच्या आणि माझ्या नखांतलं ग्रीस जायचं नाही. एकदा मी चिडून एक बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला आणि त्याचे आटे गेले. नवा बोल्ट मिळणार नव्हता. अण्णांना तो लेथवर काढून आणावा लागला. ते रागावले नाहीत. नवा बोल्ट माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताई, आटे जायच्या आधी लोखंड जरासं मऊ लागतं. हाताला ते कळतं. तिथे थांबायचं." अजूनही कुठलीही गोष्ट घट्ट करताना मी त्या मऊपणाची वाट बघते.

पण सगळ्यात जास्त आठवतात ते ब्रेक.

या जीपला चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, तळाच्या पत्र्याच्याही खाली. पाइपात हवा शिरली की पॅडल फुसकं होतं, पाय थेट खाली जातो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन निपल उघडायचं. सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी वर बसायची. अण्णा दिसायचे नाहीत. पत्र्याखालून नुसता आवाज यायचा.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब... धर!"

मी धरायची. मग ते निपल सोडायचे आणि माझ्या पायाखालचं पॅडल हळूहळू खचत खाली जायचं, पायाखालची वाळू सरकावी तसं. त्या वेळी पाय उचलायचा नाही. उचलला तर सिलिंडर बाहेरची हवा पुन्हा आत ओढून घेतो आणि सगळं पहिल्यापासून. खालून निपल आवळल्याचा कुरकुर आवाज, मग "सोड." एका चाकाला दहा-बारा वेळा. मांडी भरून यायची. पहिल्याच वर्षी माझ्या हातून ब्रेक ऑइल बॉनेटवर सांडलं. ते रंग खातं हे मला माहीत नव्हतं. सकाळपर्यंत नव्या हिरव्या रंगावर तळहाताएवढा पापुद्रा उठला. अण्णांनी तो डाग नंतर कधीच रंगवला नाही. "राहू दे," म्हणायचे, "तुझी सही आहे."

त्या जीपने आम्हाला अंजनेरीच्या पायथ्याला नेलं, हरसूलच्या रस्त्यांवर नेलं, भर पावसात घोटी-वैतरणेच्या भाताच्या खाचरांमधून नेलं. मग मी लग्न होऊन पुण्याला गेले. दिवाळीला आले की फराळाच्या आधी अण्णांचं ठरलेलं वाक्य असायचं, "ताई, ब्रेकने हवा धरलीय गं. येतेस जरा?" मी साडी खोचून वर बसायची. दर वर्षी. आई ओरडायची, हे दुसऱ्या कुणाकडून होत नाही का. 2022 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेलं तेव्हाही तिने विषय काढला होता, आता तरी द्या विकून. अण्णा पेठ रोडच्या आरटीओत जाऊन गुपचूप पैसे भरून आले.

गेल्या वर्षी श्रावणात अण्णा गेले.

दिवाळीत मी एकटीच जीपपाशी गेले. तीन महिने उभी होती. पॅडल दाबलं आणि पाय खाली गेला. यावेळी खरोखरच हवा धरली होती, कारण मागच्या चाकाजवळ तेलाचा ओघळ दिसत होता. मी पाने शोधायला त्यांची पत्र्याची पेटी उपसली. तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, ग्राइप वॉटरची जुनी काचेची बाटली निघाली. झाकणाला दोन भोकं, एकातून पिवळी पडलेली बारीक नळी तळापर्यंत गेलेली. दुसरं टोक निपलवर बरोबर बसेल एवढं. बाटलीत दोन बोटं तेल.

वर्कशॉपमध्ये मीही थोडी वाढले आहे. ते काय आहे हे लगेच कळलं. नळीचं टोक तेलात बुडलेलं असलं की हवा बाहेर येते, उलटी आत जात नाही. एकटा माणूसही ब्रेकची हवा काढू शकतो. बाटलीतलं तेल काळं नव्हतं; मधासारखं स्वच्छ होतं. जुनं तेल काळवंडतं. मला त्या सगळ्या दिवाळ्या आठवल्या. पॅडल पहिल्याच दाबाला घट्ट लागायचं, हे माझ्या पायाला दर वर्षी कळत होतं.

गळकं सील बदललं. मग मागच्या डाव्या चाकाला नळी लावली, निपल अर्धा आटा सोडलं, वर जाऊन पॅडल मारलं, खाली येऊन बुडबुडे पाहिले. पुन्हा वर. पुन्हा खाली. चार चाकं होईपर्यंत संध्याकाळ झाली, आईने तुळशीपाशी पणती लावली. शेवटचं निपल आवळून मी वर बसले आणि पॅडल दाबलं. घट्ट होतं. काम झालं होतं, पाय काढायला हरकत नव्हती. मी काढला नाही. खालून "सोड" म्हटल्याशिवाय पाय काढायचा नसतो.