दोष कुंद्याचा की आमचा?

‘लक्ष दे!’ हे दोन शब्द आम्ही आमच्या शिक्षकी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील, याची गणती करणे कठीण आहे. लक्ष म्हणजे जणू कंपासपेटीतील पट्टी, आणि मुलाने ती केवळ हट्टाने दप्तरात दडवून ठेवली आहे, अशीच आमची समजूत होती. ती समजूत आठवीतल्या एका मुलाने दूर केली.

हा मुलगा मंदबुद्धी खचित नव्हता. भूमितीचा सिद्धान्त त्याला एकदा ऐकून समजे. परंतु तोच वहीत उतरवताना तिसऱ्या ओळीवर लेखणी थांबे आणि दृष्टी खिडकीबाहेरच्या पावसात हरवून जाई. छत्री, डबा, वही, रोज काही ना काही हरवलेलेच. आम्ही त्याला बाकावर उभे केले, वर्गाबाहेर घालवले आणि प्रगतिपुस्तकात ‘बेफिकीर’ असा शेरा स्वहस्ते लिहिला.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी अल्पोपाहारात कुंदा होता. बेळगावकरांस कुंद्याची थोरवी काय सांगावी! तो खाऊन या स्वारीने मांडवात असा धुमाकूळ घातला की रंगमंचाचा पडदाच खाली आला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या आईला बोलावून म्हणालो, “ताई, याचं गोड खाणं बंद करा.”

त्या माउलीने मान खाली घातली. “सर, दोन वर्षं घरात साखर मोजून देते. सासूबाई म्हणतात, माझ्याच लाडानं बिघडला. आता तुम्हीही तेच म्हणताय.”

आम्ही निरुत्तर झालो. पुढे त्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात आले आणि त्यांचा एक तक्ता भरण्यासाठी आमच्याकडे आला. मूल किती वेळा वस्तू हरवते, सांगितलेले काम अर्धवट सोडते काय, असे त्यात प्रश्न होते. ते भरताना ध्यानी आले की, आम्ही त्याला आजवर रागावत होतो. पाहत मात्र नव्हतो.

निदान झाले ते अवधान-न्यूनतेचे. हा विकार नवा नव्हे. लंडनमध्ये १९०२ साली डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध दिले, तेव्हा १४ मुलांच्या शालेय कामात आठवड्याभरातच ठळक सुधारणा दिसली. उत्तेजकाने चंचल मूल स्थिरावे, हे प्रथम नवलाचे वाटते. वस्तुतः मेथिलफेनिडेटसारखी औषधे मेंदूतील डोपामिन व नॉरअॅड्रेनॅलिन या निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांचा प्रभाव वाढवतात. त्यामुळे मनाला लगाम घालणारा भाग अधिक नीट काम करू लागतो. तथापि प्रत्येक अवखळ मूल रुग्ण नसते. लक्षणे बारा वर्षांच्या आतली, घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी आणि सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात.

मग आहाराचे काय? १९७० च्या दशकात डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंगांवर ठपका ठेवला. २००७ साली इंग्लंडमधील एका प्रयोगात काही रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता किंचित वाढलेली आढळली. साखरेवरील आरोप मात्र कसोटीस उतरला नाही. १९९४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मुलांना बिनसाखरेचे पेय देऊन काही मातांना ‘साखर दिली आहे’ असे सांगितले गेले. त्या मातांना आपलीच मुले अधिक चंचल भासली! हे वाचून आम्ही मनात ओशाळलो. मांडवात गडबड, गाणी, शेकडो मुले. आणि आम्हांस दिसला तो केवळ कुंदा.

औषध सुरू झाल्यावर मुलगा धडा शेवटपर्यंत लिहू लागला. मात्र दुपारचा डबा तसाच परत जाऊ लागला, कारण या औषधाने भूक मंदावते. डॉक्टरांनी मात्रा बदलली. आई सकाळी गोळीआधी पोटभर भाकरी-उसळ आणि रात्री पुन्हा सावकाश जेवण देऊ लागली. वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची तपासणी नियमित होत राहिली. मध्यंतरी एका नातलगाने ‘गोळ्या सोडा, नुसत्या पथ्यावर ठेवा’ असा आग्रह धरला. आईने आमचे मत विचारले. आम्ही म्हणालो, “ताई, एकदा न पाहता बोललो. आता हे डॉक्टरांनाच विचारा.” डॉक्टरांनी सांगितले की, सकस आहार प्रत्येक मुलाला हवाच, पण तो या औषधाची जागा घेत नाही.

तो मुलगा पहिला आला नाही. छत्री अजूनही हरवते. परंतु वार्षिक परीक्षेत त्याने प्रथमच सर्व प्रश्न सोडवले. प्रगतिपुस्तकातील आमचा शेरा शाईचा होता, तो पुसला जाणे नव्हते. आम्ही त्याखाली ‘हा शेरा चुकीचा होता’ असे लिहून सही केली.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याची गोळी कधी घेऊ नका, आणि बाकावरच्या सोबत्याला वेडा म्हणू नका. आणि पालकहो, मुलाचे लक्ष नसेल, तर आधी आपले लक्ष त्याच्याकडे द्या.